ॲट्रोपीन

ॲट्रोपीन हे बेलाडोना, धोतरा, खुरासानी ओवा इत्यादी वनस्पतींपासून मिळणारे अल्कलॉइड वर्गातील औषधी द्रव्य आहे. चेतातंतूंचा संदेश स्नायू व ग्रंथी यांपर्यंत पोहोचविणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या कार्यास ते अडथळा आणते. म्हणून त्याची गणना कोलीनरोधी औषधांत केली जाते. डोळ्यात घातले असता बाहुली रुंदावते आणि जवळची वस्तू स्पष्ट पाहण्याची शक्ती काही दिवस स्थगित होते. लहान मुलांच्या चष्म्याचा नंबर ठरविणे, डोळ्याच्या आतील दाह शमविणे, तिरळेपणा व मंददृष्टी यांवरील उपचार यांसाठी नेत्रवैद्यकात त्याचा उपयोग होतो. कीटकनाशकांच्या विषबाधेवरील उतारा व मंदावलेल्या हृदयगतीवरील औषध म्हणूनही ते वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

नाव व व्युत्पत्ती

ग्रीक पुराणकथांत माणसाचे आयुष्य म्हणजे एक धागा मानला असून तीन भगिनी देवतांकडे त्याचा कारभार सोपविलेला आहे. एक धागा कातते, दुसरी त्याची लांबी मोजते आणि तिसरी, ॲट्रोपॉस, तो कापते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने या विषारी झुडपाच्या प्रजातीला ॲट्रोपा हे नाव दिले ते या तिसऱ्या देवतेवरून. जातिवाचक नाव बेलाडोना हे मात्र इटालियन असून त्याचा अर्थ ‘सुंदर स्त्री’ असा होतो. या वनस्पतीचा रस डोळ्यांत घालून स्त्रिया बाहुल्या मोठ्या करीत व त्यामुळे डोळे अधिक मोहक दिसत, अशी त्यामागची परंपरागत कथा आहे. एकाच झुडपाच्या नावात मृत्यू आणि सौंदर्य शेजारी शेजारी बसले आहेत, आणि औषधाचा पुढील इतिहास पाहता दोन्ही नावे सार्थ ठरतात.

मराठी वाचकासाठी येथे दोन शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. बोलण्यात बुबुळ आणि बाहुली यांची बरीच सरमिसळ होते. शालेय विज्ञानाच्या परिभाषेप्रमाणे पारपटलामागचा रंगीत, मांसल पडदा म्हणजे बुबुळ, आणि त्याच्या मध्यभागी असलेले, लहानमोठे होणारे छिद्र म्हणजे बाहुली. बाहुली हा शब्द मोठा मार्मिक आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यात डोकावले की आपलीच चिमुकली आकृती तेथे दिसते, आणि त्यावरून हे नाव पडले. संस्कृतातील कनीनिका व लॅटिनमधील प्युपिला या शब्दांमागेही लहान मुलीची किंवा बाहुलीची हीच कल्पना आहे. प्रस्तुत लेखात हे दोन शब्द याच अर्थांनी वापरले आहेत.

आढळ

ॲट्रोपा बेलाडोना ही वनस्पती मूळची युरोप, उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील असून तिची एक जवळची जात काश्मीर व पश्चिम हिमालयात आढळते. महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाची वनस्पती म्हणजे धोतरा. गावकुसाबाहेर, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला तो आपोआप उगवतो आणि त्याची फुले व काटेरी फळे महादेवाला वाहतात. वांगे, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि धोतरा ही सर्व एकाच कुलातील भावंडे आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की सहसा त्यांचा विश्वास बसत नाही.

धोतऱ्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, हायोसायमीन व स्कोपोलमीन ही अल्कलॉइडे असतात. प्रवाशांना अन्नातून धोतऱ्याचे बी देऊन बेशुद्ध करणे व लुटणे हा गुन्ह्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकातील भारतीय न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत विस्ताराने नोंदलेला आहे. आजही चुकून किंवा कुतूहलापोटी बिया खाल्ल्याने विषबाधा होते. रुग्णाच्या टपोऱ्या, प्रकाशातही न आकसणाऱ्या बाहुल्या हे तिचे ठळक लक्षण होय.

शोधाचा इतिहास

बेलाडोनाच्या अर्काने बाहुली रुंदावते ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वैद्यांच्या ध्यानात आली होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तिचा उपयोग करून घ्यावा, असा विचार त्याच सुमारास सुरू झाला. फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला यात न्यायवैद्यकाची वाट दिसली. विष कोणते हे ओळखायचे असेल, तर संशयित द्रवाचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकून बाहुली पाहावी, अशी त्याची पद्धत होती. १८१९ मध्ये येना येथे त्याने हा प्रयोग महाकवी गटे याच्यासमोर करून दाखविला. प्रसन्न झालेल्या गटेने त्याला कॉफीच्या काही बिया देऊन त्यांचे पृथक्करण करण्यास सुचविले आणि त्यातून रुंगेने कॅफीन वेगळे केले. डोळ्याच्या औषधाच्या प्रयोगातून कॉफीतील उत्तेजक द्रव्याचा शोध लागावा, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीदार योगायोग आहे.

शुद्ध स्फटिकरूप ॲट्रोपीन १८३१ मध्ये माइन या जर्मन औषधनिर्मात्याने मिळविले. १८३३ मध्ये गायगर व हेस यांनीही ते स्वतंत्रपणे वेगळे केले. शुद्ध द्रव्य हाती आल्यावर मात्रा मोजून देणे शक्य झाले. पाल्याचा अर्क आणि मोजलेली मात्रा यांतील अंतर साधे नाही. झाडाचे वय, ऋतू व जमीन यांनुसार अर्कातील द्रव्याचे प्रमाण बदलते, आणि ॲट्रोपीनच्या बाबतीत थोड्याशा फरकानेही औषधाचे विष होते.

चेतासंस्थेच्या अभ्यासातही या द्रव्याने महत्त्वाची कामगिरी बजावली. १९२१ मध्ये ओटो लोवी याने बेडकाच्या हृदयाच्या चेतातंतूला उद्दीपन देऊन त्याची गती मंद केली व त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले. संदेश रसायनाद्वारे पोहोचतो, हे यातून दिसले. ॲट्रोपीन दिले असता हा परिणाम होत नसे. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कार्यासाठी लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रासायनिक व भौतिक गुणधर्म

ॲट्रोपीनच्या एका रेणूत कार्बनाचे १७, हायड्रोजनाचे २३, नायट्रोजनाचा १ व ऑक्सिजनाचे ३ अणू असतात. रेणुभार सुमारे २८९ आहे. ट्रोपीन हे अल्कोहोल व ट्रोपिक आम्ल यांच्या संयोगाने बनलेले ते एस्टर होय. त्याचे स्फटिक पांढरे, गंधहीन व चवीला कडू असतात आणि सुमारे ११५ अंश सेल्सिअस तापमानास वितळतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत. त्याचे सल्फेट लवण मात्र पाण्यात सहज विरघळते, म्हणून थेंब व इंजेक्शन यांत ॲट्रोपीन सल्फेट वापरतात.

ताज्या वनस्पतीत मुख्यतः असते ते हायोसायमीन, आणि तेही प्रकाशाच्या ध्रुवणाची पातळी डावीकडे वळविणाऱ्या रूपात. अर्क काढताना त्याचा निम्मा भाग आरशातील प्रतिबिंबासारख्या उजव्या रूपात बदलतो. या दोहोंच्या समसमान मिश्रणालाच ॲट्रोपीन म्हणतात. औषधी गुण जवळजवळ सर्वस्वी डाव्या रूपात असतो.

ॲट्रोपीनच्या सांगाड्यातील ट्रोपिनोन हा घटक कृत्रिम रीतीने बनविण्यासाठी रिखार्ट व्हिलश्टेटर याला विसाव्या शतकाच्या आरंभी लांबलचक मार्ग अनुसरावा लागला होता. १९१७ मध्ये रॉबर्ट रॉबिन्सन याने साधे तीन पदार्थ एकत्र आणून तोच घटक एका टप्प्यात तयार केला. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण आजही आवर्जून शिकवितात.

कार्यपद्धती

स्वायत्त चेतासंस्थेचे दोन विभाग आहेत. परानुकंपी विभाग विश्रांतीच्या अवस्थेतील कामे पाहतो. लाळ व अश्रू स्रवणे, आतड्याची हालचाल, हृदयाची गती आवरणे आणि बाहुली आकसणे ही त्याची कामे होत. या विभागाच्या चेतातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते व पेशींवरील मस्करिनी ग्राहींना चिकटून त्यांना कामाला लावते. ॲट्रोपीन त्याच ग्राहींवर आधी जाऊन बसते, मात्र त्यांना कामाला लावत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकावी आणि खऱ्या किल्लीला जागाच उरू नये, तसा हा प्रकार आहे. ही अडवणूक स्पर्धात्मक असते. ॲसिटिलकोलीनचे प्रमाण पुरेसे वाढले, तर ते ॲट्रोपीनला हटवू शकते. विषबाधेच्या उपचारात या गोष्टीला फार महत्त्व आहे, ते पुढे येईल.

बुबुळात दोन प्रकारचे स्नायू असतात. बाहुलीच्या कडेने असलेला वर्तुळाकार स्नायू आकुंचन पावला की बाहुली लहान होते. चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले स्नायू आकुंचन पावले की ती मोठी होते. पहिला परानुकंपी विभागाच्या ताब्यात असतो, दुसरे अनुकंपी विभागाच्या. ॲट्रोपीन पहिल्याला निष्क्रिय करते. दुसऱ्यांना विरोध उरत नाही आणि बाहुली रुंदावते. म्हणजे ॲट्रोपीन बाहुलीला ओढून मोठे करीत नाही, तिला आवळून धरणारी गाठ सैल करते.

याच वेळी भिंगाभोवतीचा स्नायूही शिथिल होतो. जवळचे पाहताना हा स्नायू आकुंचन पावून भिंगाला फुगवटा देतो. यालाच समायोजन शक्ती म्हणतात. तो निष्क्रिय झाल्यावर दूरचे दिसते, पण पुस्तकातील अक्षरे पुसट होतात.

डोळ्यात १ टक्का द्रावण घातल्यावर साधारण अर्ध्या तासात बाहुली पूर्ण रुंदावते. समायोजन थांबण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. परिणाम ओसरण्यास सात ते दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. गडद रंगाच्या बुबुळातील मेलॅनिन हे रंगद्रव्य औषधाला धरून ठेवते आणि सावकाश सोडते. त्यामुळे भारतीयांप्रमाणे काळे-तपकिरी डोळे असणाऱ्यांत परिणाम सुरू होण्यास उशीर लागतो व तो रेंगाळतोही अधिक.

नेत्रवैद्यकातील उपयोग

नेत्रपटल तपासण्यासाठी, म्हणजे मधुमेही रुग्णाचे दृष्टिपटल पाहण्यासाठी किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी, डोळ्यांत थेंब टाकून रुग्णाला बसवून ठेवतात, ते थेंब आता बहुधा ॲट्रोपीनचे नसतात. अर्ध्या तासाच्या तपासणीसाठी रुग्णाची आठवडाभर गैरसोय करणे युक्त नव्हे. तेथे ट्रोपिकामाइड वापरतात. ते त्याच वर्गातील असून वीस ते चाळीस मिनिटांत काम करते आणि सुमारे सहा तासांत उतरते. अनेकदा त्याच्या जोडीला फेनिलेफ्रिन देतात. हे दुसरे औषध कोलीनरोधी नाही. ते आऱ्यांसारख्या स्नायूंना उत्तेजन देते. एकाने गाठ सोडायची आणि दुसऱ्याने दोरी ओढायची, अशी ही विभागणी आहे. या दोन टोकांच्या मधे सायक्लोपेंटोलेट व होमॅट्रोपीन येतात. पहिल्याचा परिणाम साधारण एक दिवस, दुसऱ्याचा एक ते तीन दिवस टिकतो. होमॅट्रोपीन हे ॲट्रोपीनच्याच रचनेत फेरफार करून जर्मन रसायनशास्त्रज्ञ लाडेनबुर्ग याने तयार केले.

मग ॲट्रोपीन कोठे लागते? जेथे दीर्घ व पूर्ण परिणाम हवा असतो तेथे. लहान मुलांची समायोजन शक्ती इतकी प्रबळ असते की तपासणीच्या वेळी ती भिंगाला नकळत फुगवटा देतात व दूरदृष्टितेचा दोष झाकला जातो. विशेषतः आतल्या बाजूला तिरळेपणा असलेल्या मुलात खरा नंबर सापडणे फार महत्त्वाचे असते, कारण पुष्कळदा योग्य चष्म्यानेच तिरळेपणा कमी होतो. अशा मुलांसाठी तपासणीपूर्वी साधारण तीन दिवस घरी ॲट्रोपीनचे मलम घालण्यास सांगतात. घरचे लोक हे मलम किरकोळ समजून एखाद्या वेळी चुकवितात. तसे झाले, तर नंबर चुकीचा निघण्याची शक्यता राहते.

बुबुळ व त्यालगतच्या भागाचा दाह झाला असता ॲट्रोपीन दोन प्रकारे उपयोगी पडते. दुखऱ्या स्नायूंना विश्रांती मिळून वेदना कमी होतात, आणि बाहुली रुंद राहिल्याने बुबुळ मागच्या भिंगाला चिकटत नाही. ते एकदा चिकटले, तर बाहुलीचा आकार कायमचा वेडावाकडा होतो आणि डोळ्यातील द्रवाचा मार्ग बंद होऊन दाब वाढू शकतो. पूर्वी जडलेल्या चिकटपणामुळे रुंदावतानाची बाहुली तिपानी पानासारखी किंवा फुलाच्या पाकळ्यांसारखी दिसते.

मंददृष्टी म्हणजे एका डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे मेंदूने दुर्लक्ष करणे. नेहमीचा उपाय म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याला कामाला लावणे. पट्टी मुले ओरबाडून काढतात, शाळेत त्यांची थट्टाही होते. तिच्याऐवजी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपीन घालून त्याची जवळची दृष्टी पुसट केली, तरी हेतू साधतो. तीन ते सात वर्षांच्या, मध्यम स्वरूपाची मंददृष्टी असलेल्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत या दोन्ही उपायांचे फळ जवळपास सारखेच आढळले. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

अलीकडे सर्वाधिक चर्चा आहे ती मुलांमधील निकटदृष्टितेची. सिंगापूर येथील चाचण्यांत ॲट्रोपीनच्या थेंबांनी चष्म्याचा नंबर वाढण्याचा वेग कमी झाल्याचे दिसले. १ टक्का द्रावणाने प्रकाश सहन होईना व वाचता येईना, शिवाय औषध थांबविल्यावर नंबर पुन्हा झपाट्याने वाढे. म्हणून ०.०१ टक्का इतक्या सौम्य द्रावणाचा प्रयोग झाला व त्याचे २०१२ मधील निष्कर्ष आशादायक ठरले. पुढे हाँगकाँगमधील चाचणीत ०.०५ टक्का अधिक परिणामकारक दिसले, तर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत ०.०१ टक्क्याचा काहीच लाभ आढळला नाही. हे औषध नंबर घालवीत नाही, त्याची वाढ मंदावण्याचा प्रयत्न करते. जाहिरातींत हा भेद पुष्कळदा विरून जातो.

विषावरील उतारा

डोळ्याबाहेर ॲट्रोपीनचे सर्वांत मोठे कार्य सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत दिसते. शरीरात ॲसिटिलकोलीनचे काम झाल्यावर त्याचे विघटन करणारे एक विकर असते. ही कीटकनाशके त्या विकरालाच निकामी करतात. ॲसिटिलकोलीन साचत जाते, तोंडाला फेस येतो, घाम व अश्रू वाहतात, हृदय मंदावते, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात आणि श्वासनलिकेत स्राव साचून रुग्ण आपल्याच फुप्फुसांतील पाण्यात गुदमरतो. ॲट्रोपीन याच ग्राहींवर बसून हा पूर थांबविते. साचलेले ॲसिटिलकोलीन त्याला सतत हटवीत असल्याने मात्रा मोठी लागते. दर काही मिनिटांनी ती दुप्पट करीत नेतात आणि फुप्फुसे कोरडी होऊन नाडी व रक्तदाब सुधारेपर्यंत देतात. केवळ बाहुली रुंदावली की पुरे, असे मानणे धोक्याचे असते, कारण बाहुली उशिरा बदलू शकते. स्नायूंचा अशक्तपणा ॲट्रोपीनने जात नाही, कारण तेथील ग्राही वेगळे आहेत. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम हे दुसरे औषध देतात व गरजेप्रमाणे कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो.

विदर्भ-मराठवाड्यातील कापूसपट्ट्यात हे ज्ञान पुस्तकी राहत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा वापरात असलेली सर्वच कीटकनाशके फॉस्फरसयुक्त नव्हती. आणि जेथे विष वेगळ्या जातीचे असते, तेथे ॲट्रोपीनचा उपयोग होईलच असे नाही. म्हणून रुग्णासोबत औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात नेणे अत्यंत आवश्यक आहे. युद्धात वापरले जाणारे चेतावायू याच पद्धतीने मारक ठरतात. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडण्यात आला, तेव्हाही बाधितांना ॲट्रोपीन देण्यात आले.

प्रत्येक विषावर मात्र हा उतारा नव्हे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशात पूर्वी ॲट्रोपीन दिले जाई. घाम व लाळ पाहून तसे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात या दंशात थोड्याच वेळात अनुकंपी विभाग अनावर होऊन हृदयावर ताण येतो, आणि ॲट्रोपीनने तो वाढतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाच्या उपचाराची दिशा बदलली.

हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावली असता शिरेतून ॲट्रोपीन देतात. भूल देण्यापूर्वी लाळ आटविण्यासाठी ते सर्रास देत. हल्ली गरजेप्रमाणेच देतात.

दुष्परिणाम व दक्षता

थेंब डोळ्यात घातला म्हणून तो डोळ्यातच राहतो असे नाही. अश्रुमार्गातून तो नाकात उतरतो व तेथून रक्तात शोषला जातो. १ टक्का द्रावणाच्या एका थेंबात सुमारे अर्धा मिलिग्रॅम ॲट्रोपीन असते. भारतात इंजेक्शनची कुपी ०.६ मिलिग्रॅमची मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका थेंबाचे वजन कळते. बाळाच्या दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब पडले, तर प्रौढालाही अधिक व्हावी इतकी मात्रा होते. म्हणून थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने हलके दाबून धरावा. तान्ह्या मुलांत मलम अधिक पसंत करतात. मलम घालणाऱ्याने नंतर हात स्वच्छ धुवावेत.

मात्रा अधिक झाल्यास तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, नाडी जलद चालते, लघवी अडते. घाम बंद झाल्याने अंग तापते. उन्हाळ्यात हा ताप विशेष घातक ठरू शकतो. त्याहून अधिक मात्रेत रुग्ण बरळू लागतो, नसलेल्या गोष्टी हवेत चाचपतो. मुलाला थेंब घातल्यावर असा ताप, लाली किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. डाउन सिंड्रोम असलेली मुले या औषधाला अधिक संवेदनशील असतात.

काचबिंदूच्या एका प्रकारात बुबुळ व पारपटल यांमधील कोन अरुंद असतो. बाहुली रुंदावताना बुबुळाची घडी तेथे दाटते व डोळ्यातील दाब एकाएकी चढतो. डोळा लाल होऊन असह्य ठणकतो, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्याही होतात. वेळीच इलाज न झाल्यास दृष्टी जाऊ शकते. यासाठी थेंब घालण्यापूर्वी हा कोन तपासतात आणि रुग्णानेही आधीचा काचबिंदू असल्यास तो सांगावा. कोणतेही बाहुली रुंदावणारे औषध घातल्यावर परिणाम ओसरेपर्यंत वाहन चालवू नये. उन्हात गडद चष्मा वापरावा.

शेतात किंवा अंगणात धोतरा उपटून त्याच हाताने डोळा चोळल्यास एकच बाहुली रुंदावते. डोक्याला मार लागला असता किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असताही एकच बाहुली मोठी होऊ शकते, त्यामुळे अशा माणसाला पाहून सर्वांची घाबरगुंडी उडते. पायलोकार्पीनचा थेंब घालून हा पेच सुटण्यास मदत होते. चेतातंतू दबल्यामुळे रुंदावलेली बाहुली त्याने आकसते; ॲट्रोपीनने ग्राही व्यापलेली बाहुली आकसत नाही. तीव्र विषबाधेत फायसोस्टिग्मीन हे औषध रुग्णालयात देता येते. ते ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखून त्याचे प्रमाण वाढविते, म्हणजे सौम्य प्रमाणात नेमके तेच करते जे कीटकनाशक करते. सशांची गोष्ट निराळी. काही सशांच्या रक्तात ॲट्रोपीनचे विघटन करणारे विकर असते व ते बेलाडोनाची पाने खाऊनही सुखरूप राहतात.

थेंबांची बाटली उघडल्यानंतर साधारण महिनाभरात टाकून द्यावी. एका मुलासाठी लिहून दिलेले औषध दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नये, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवावी.